खाचेन : एका लहान आर्मेनियन संस्थानाची तगण्याची रीत (इ.स. ११८४ ते १२६१)

प्रस्तावना

आपल्याकडील मध्ययुगीन इतिहासाच्या अभ्यासात मंगोलांचा उल्लेख येतो तो प्रामुख्याने चंगेझखान, सिंधूचा काठ आणि दिल्लीच्या सुलतानांनी वायव्य सीमेवर दिलेली झुंज या संदर्भात. याच मंगोलांच्या अमलाखाली कॉकेशस पर्वताच्या परिसरातील लहान ख्रिस्ती सत्ताधीश कसे जगले, त्यांतले कोण टिकले आणि कोण बुडाले, याचा विचार मराठीत फारसा झालेला नाही. मोठ्या साम्राज्याचा इतिहास राजधानीतून लिहिला जातो. परंतु त्या साम्राज्याचा प्रत्यक्ष अनुभव कसा होता, हे कळण्यासाठी सीमेवरच्या एखाद्या डोंगराळ संस्थानाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. प्रस्तुत लेखात खाचेन या आर्मेनियन संस्थानाचा विचार त्या दृष्टीने केला आहे.

खाचेनचा विस्तार काही नदीखोऱ्यांपुरता होता. त्याच्या राजाने एकही मोठी लढाई स्वतःच्या बळावर जिंकल्याची नोंद नाही. असे असूनही तेराव्या शतकात येथे कॉकेशसमधील उत्कृष्ट वास्तूंपैकी एक उभी राहिली, आर्मेनियन कायद्याच्या पहिल्या व्यापक संहितेच्या कर्त्याला येथे आश्रय मिळाला आणि मंगोल सैन्याच्या लाटेतून हे संस्थान शाबूत बाहेर पडले. पुढे मात्र त्याचा सर्वांत कर्तबगार राजा मंगोलांच्याच एका महसूल अधिकाऱ्याच्या हातून मारला गेला. लष्कराशी जमवून घेता आले, पण महसुली यंत्रणेशी आले नाही. हा फरक कशामुळे पडला, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

भूमी आणि घराणे

लघु कॉकेशस पर्वतरांगेच्या पूर्व उतारावर आर्त्साख नावाचा प्राचीन प्रदेश आहे. आजच्या राजकीय नकाशात तो काराबाख या नावाने ओळखला जातो. येथील नद्या पूर्वेकडे उतरून कुरा नदीच्या सखल मैदानाकडे जातात. खाचेन ही त्यांपैकीच एक नदी. मैदानात हिवाळी कुरणे असल्यामुळे पशुपालक टोळ्यांची आणि सैन्यांची तेथे सतत वर्दळ असे, तर वरच्या खोऱ्यांत शेतकरी, मठ आणि किल्ले होते. मैदान ज्याच्या ताब्यात त्याच्याशी डोंगरातल्या माणसाला बोलणी करावीच लागत. या भूगोलानेच खाचेनच्या राजकारणाला वळण दिले.

खाचेनचे राजघराणे आपला वंश नवव्या शतकातील साहल स्मबात्यान याच्यापर्यंत नेत असे. अब्बासी खलिफांविरुद्ध वीस वर्षे बंड चालवणारा बाबक खुर्रमी इ.स. ८३७ मध्ये आश्रयाला आला असता त्याला पकडून खलिफाच्या सेनापतीच्या हवाली करणारा तो हाच साहल. ही गोष्ट नैतिकदृष्ट्या फारशी शोभादायक नाही. पण बलाढ्य सत्तेशी संघर्ष टाळून स्वतःचा प्रदेश राखण्याची जी रीत पुढे या घराण्यात दिसते, तिचा हा जुना नमुना म्हणता येईल. मात्र तिचा भरवसा धरण्यासारखा नव्हता, कारण पुढे इ.स. ८५३-५४ च्या सुमारास खलिफाच्या सेनापतीने इतर आर्मेनियन सरदारांबरोबर साहललाही कैद करून सामर्रा येथे नेले. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन याच्या दरबारी शिष्टाचारविषयक ग्रंथात परदेशी राजांना पत्रे कोणत्या मायन्याने लिहावीत याची यादी आहे. तिच्यात खाचेनच्या शासकाचा स्वतंत्र उल्लेख आर्मेनियाच्या संदर्भात येतो. म्हणजेच कॉन्स्टॅन्टिनोपलच्या दप्तरात या छोट्या संस्थानाची नोंद झालेली होती.

इ.स. १०४५ मध्ये आनी येथील बाग्रातुनी राज्य बायझंटाईन साम्राज्यात विलीन झाले. १०६४ मध्ये सेल्जुकांनी आनी जिंकले. आर्मेनियाच्या मध्यवर्ती भागातील मोठ्या सत्ता याप्रमाणे नाहीशा झाल्या, परंतु डोंगराच्या आडोशाने खाचेनमधील सरदार घराणी तगून राहिली. बाराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जियाची राणी तामार (इ.स. ११८४-१२१३) हिचे आर्मेनियन सेनापती झकारे आणि इवाने या झकारियान बंधूंनी उत्तर आर्मेनिया सेल्जुक सत्तेखालून सोडवला. खाचेनच्या शासकांनी या नव्या सत्तेचे मांडलिकत्व स्वीकारले, आणि ते सोयरिकीने पक्के केले. झकारियान बंधूंची एक बहीण खोरिशाह खाचेनच्या मुख्य शाखेत दिली गेली व दुसरी, दोप, हिचा विवाह शेजारच्या शाखेत झाला. या दोपच्याच नावावरून पुढे तिच्या वंशजांना दोपियान म्हटले जाऊ लागले. स्त्रीच्या नावाने घराणे ओळखले जाणे हे तेथेही नित्याचे नव्हते. त्यावरून या सोयरिकीचे वजन ध्यानात येते.

कायद्याची गरज

मखितार गोश हा गांदझाक (आजचे गांजा) येथे जन्मलेला विद्वान धर्मगुरू. त्याला आपले गाव सोडावे लागले तेव्हा त्याने खाचेनमधील हातेर्कचा सरदार वाख्तांग याचा आश्रय घेतला. इ.स. ११८४ मध्ये त्याने आर्मेनियन भाषेत न्यायसंहिता लिहावयास घेतली. ही संहिता का लिहीत आहे याची कारणे त्याने प्रारंभीच विस्ताराने दिली आहेत, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला कलमांइतकीच ही कारणेही बोलकी वाटतात. तुमच्याकडे लेखी कायदाच नाही, असे परधर्मीय हिणवतात, हे एक कारण. लेखी कायदा नसल्यामुळे आपलेच लोक परक्यांच्या न्यायालयात दाद मागण्यास जातात, हे दुसरे.

येथे सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे, आणि तो तलवारीच्या भाषेत मांडलेला नाही. आसपास मुस्लिम सत्तांची सुव्यवस्थित काजी-न्यायालये होती. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला बांधाचा तंटा, हुंड्याचा वाद किंवा गिरणीच्या पाण्याचे भांडण सोडवण्यासाठी त्या न्यायालयाची वाट धरावी लागली, तर राजा नावापुरता उरतो, हे गोशने ओळखले होते. मग राज्य नाहीसे करण्यास शत्रूला किल्ला घेण्याचीही गरज उरत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खाचेनच्या संपूर्ण राजकारणाची किल्ली या प्रस्तावनेत आहे. या संहितेचे पुढील आयुष्यही दीर्घ ठरले. किलिकियातील सेनापती स्मबात याने इ.स. १२६५ मध्ये तिच्या आधारे आपली संहिता रचली, आणि पोलंडमधील लव्होव येथील आर्मेनियन वसाहतीसाठी पहिल्या सिगिस्मुंड राजाने १५१९ मध्ये तिच्यावर आधारित नियमावलीस मान्यता दिली.

हातेर्कच्या याच वाख्तांगची पत्नी अर्झुखातुन हिने इ.स. १२१४ मध्ये दादिवांक येथील मुख्य चर्च बांधविले. पती आणि दोन मुलगे गमावल्यानंतर तिने हे काम हाती घेतले, असे भिंतीवरील शिलालेखात नमूद आहे. थोरला मुलगा तुर्कांशी झालेल्या युद्धात पडला, तर धाकटा आजाराने गेला. तिने आणि तिच्या मुलींनी गोशच्या मठासाठी शेळीच्या लोकरीचा चित्रांकित पडदा विणून दिला होता, व तो पाहणारे थक्क होत, असे इतिवृत्तकार किराकोस गांदझाकेत्सी सांगतो. तो पडदा आज उपलब्ध नाही. शिलालेख मात्र राहिला.

हसन जलाल आणि गांदझासार

इ.स. १२१४ च्या सुमारास खाचेनच्या गादीवर खोरिशाहचा मुलगा हसन आला. जलाल-अद-दौला, म्हणजे 'राज्याचे वैभव', ही त्याची उपाधी. निष्ठावंत ख्रिस्ती राजाचे नाव व उपाधी दोन्ही अरबी असावीत याचे आपल्या वाचकास नवल वाटेल. परंतु त्या काळच्या कॉकेशसमध्ये दरबारी प्रतिष्ठेची भाषा सर्वांची सामाईक होती. नावावरून माणसाचा धर्म आणि वंश ठरवण्याची घाई मध्ययुगाच्या बाबतीत तरी करू नये.

हसन जलालने १२१६ मध्ये आपल्या गढीजवळच्या डोंगरावर गांदझासार येथे संत योहान बाप्तिस्ता याच्या नावाने चर्च बांधण्यास आरंभ केला. 'गांदझ' म्हणजे खजिना आणि 'सार' म्हणजे पर्वत. बांधकाम १२३८ मध्ये पुरे झाले आणि २२ जुलै १२४० रोजी त्याचा अभिषेकविधी झाला. या विधीस सुमारे सातशे धर्मगुरू जमले होते असे किराकोस म्हणतो. तो स्वतः तेथे हजर होता. या चर्चच्या घुमटाखालील बहुकोनी भागावर देणगीदारांच्या मूर्ती कोरल्या आहेत. ते पौर्वात्य पद्धतीने मांडी घालून बसलेले असून त्यांनी चर्चची प्रतिकृती उचलून धरली आहे.

आतील मुख्य शिलालेखात हसन जलालने स्वतःचा परिचय दिला आहे. वाख्तांगचा पुत्र, थोरल्या हसनचा नातू, असा वंश सांगून तो स्वतःस उंच आणि थोर आर्त्साख भूमीचा जन्मसिद्ध 'इंकनाकाल' म्हणवितो. आर्मेनियन भाषेतील या शब्दाचा अर्थ स्वतःच स्वतःला धारण करणारा, अर्थात स्वयंशासक. याच लेखात आई खोरिशाह हिच्याविषयी मजकूर आहे. वैधव्यानंतर तिने जोगीण होऊन जेरुसलेमची यात्रा तीनदा केली आणि तिसऱ्या वेळी तेथेच देह ठेवला.

आता या 'स्वयंशासक' उपाधीकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ज्या वर्षांत हा दगड कोरला जात होता, त्या वर्षांत हसन जलाल प्रथम झकारियानांचा आणि त्यांच्यामार्फत जॉर्जियाच्या राजगादीचा मांडलिक होता, नंतर मंगोलांचा. शब्दशः घेतल्यास ही उपाधी खरी नाही. तिला केवळ बढाई म्हणून सोडून द्यावे काय? तसे करणे योग्य होणार नाही. मांडलिकत्व हा वरच्या सत्तेशी झालेला व्यवहार होता आणि तो बदलता होता. शिलालेख मात्र खालच्या प्रजेसाठी, मठासाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी होता. त्यांच्या दृष्टीने न्याय देणारा, जमीन दान करणारा आणि चर्च बांधणारा राजा एकच होता. 'जन्मसिद्ध' हे विशेषण येथे विशेष महत्त्वाचे वाटते. आपला हक्क कोणा सम्राटाच्या सनदेतून आलेला नाही, असे त्यातून सुचवले आहे. गंमत अशी की, हे सांगणाऱ्या राजाला पुढे सनदेसाठीच हजारो मैलांचा प्रवास करावा लागला.

मंगोल : लष्कराशी तडजोड

इ.स. १२३६ मध्ये मंगोल सेनापती चोरमाघान याच्या सरदारांनी कॉकेशस आपसांत वाटून घेऊन एकेक किल्ला जिंकण्यास सुरुवात केली. याच वर्षी खुद्द किराकोस आपला गुरू वानाकान याच्यासह मंगोलांच्या कैदेत सापडला. त्याच्याकडून लेखनिकाचे काम करून घेतले जाई. त्याने पुढे सुटका करून घेतली. मंगोलांविषयी त्याने लिहिलेला मजकूर असा छावणीत राहून मिळवलेल्या माहितीचा आहे. त्यामुळे त्याचे मोल मोठे.

खाचेनमध्ये मंगोल आले तेव्हा आसऱ्याला गेलेल्या अनेकांची कत्तल झाली. हसन जलालने आपल्या माणसांना खोखानाबेर्द किल्ल्यात घेतले. किल्ला सहज पडण्यासारखा नाही हे मंगोलांच्या लक्षात आले. त्यांनी तहाचा निरोप पाठवला. हसन जलाल नजराणा घेऊन खाली उतरला. त्यांनी त्याचा सन्मान केला, त्याचा प्रदेश त्यास परत दिला, त्यात भर घातली, आणि दरवर्षी मोहिमेत सामील होण्याचा हुकूम केला. इथपर्यंत अनेक संस्थानिकांची कथा सारखीच आहे. हसन जलालचे वेगळेपण त्याने पुढे जे केले त्यात आहे. किराकोसच्या सांगण्यानुसार, येणाऱ्याजाणाऱ्या मंगोल पथकांना लागणारे अन्नपाणी व इतर साहित्य तो स्वतःकडे आधीच साठवून ठेवी. पथके थेट त्याच्याकडे येत आणि गावोगाव हिंडून रयतेला नागवत नसत. इतर प्रदेशांत असे घडत नव्हते, अशी पुस्तीही किराकोसने जोडली आहे.

ही नोंद चार-दोन ओळींची आहे, पण तिच्यामागे केवढी व्यवस्था असेल याची कल्पना करता येते. धान्य, दारू, जनावरे, वैरण हे सर्व खोऱ्यातूनच गोळा करावे लागत असणार, म्हणजे बोजा रयतेवरच होता. फरक एवढाच की, वसुली ओळखीच्या माणसाकडून, ठरलेल्या मापाने होत असे आणि शस्त्रधारी घोडेस्वार दारात येत नसत. ज्याने दुष्काळात किंवा युद्धात गावगाडा पाहिला आहे त्याला हा फरक किती मोठा आहे हे सांगावे लागणार नाही. राजा साम्राज्य आणि प्रजा यांच्यामध्ये उभा राहिला, आणि दोघांनाही त्याची गरज भासू लागली.

मोहिमेतील सक्तीच्या चाकरीचेही काही अनपेक्षित परिणाम झाले. इ.स. १२४२ मध्ये मंगोलांनी कारीन (एर्झुरुम) घेतले. हे शहर धार्मिक हस्तलिखितांनी समृद्ध होते. लुटीत मिळालेली ही पुस्तके मंगोल सैनिक कवडीमोलाने विकू लागले. सैन्यातील ख्रिस्ती सरदारांनी, ज्यांत खाचेनचे लोकही होते, ती विकत घेऊन आपापल्या प्रदेशातील चर्च व मठांना वाटली. शक्य तितक्या कैद्यांनाही त्यांनी सोडवले. शहर लुटणाऱ्या फौजेतच सामील असलेल्या माणसांनी त्याच शहराची पुस्तके वाचवावीत, यातील विसंगती किराकोसला जाणवली असावी. तो मात्र त्यावर भाष्य करीत नाही.

हसन जलालने जुन्या रीतीने सोयरीकही केली. त्याची मुलगी रुझुकान हिचा विवाह चोरमाघानचा मुलगा बोरा नोयान याच्याशी झाला.

महसुली यंत्रणेशी गाठ

लष्करी सरदाराशी व्यक्तिगत संबंध जोडता येतात. त्याला नजराणा देता येतो, त्याच्या घरी मुलगी देता येते, त्याच्या सैन्याला दाणावैरण पुरवता येते. महसुलाच्या खात्याला यांपैकी कशाचाही उपयोग नसतो. त्याला आकडे हवे असतात.

मोंगके खानाच्या आज्ञेने इ.स. १२५४ मध्ये कॉकेशसची खानेसुमारी झाली. ती करणारा अर्गुन आका हा लेखनिकाच्या पायरीवरून चढत इराण व कॉकेशसच्या मुलकी कारभाराचा प्रमुख बनलेला अधिकारी होता. दहा वर्षांवरील प्रत्येक पुरुषाची नोंद करण्यात आली. कारागीर, तळी, लोखंडाच्या खाणी, लोहारांच्या भट्ट्या यांवरही कर बसवले गेले. धर्मगुरूंना मात्र सूट मिळाली. ज्यांना कर देता येईना त्यांचा छळ झाला. किराकोसच्या इतिवृत्तात हा भाग मोठ्या उद्वेगाने आला आहे.

खानेसुमारीने संस्थानिकाचे स्थान मुळापासून बदलले. तोवर किती माणसे, किती जमीन, किती उत्पन्न हे फक्त त्याला ठाऊक होते, आणि तो जे देई ते साम्राज्य घेई. आता प्रत्येक घराची नोंद अर्गुनच्या दप्तरात होती. मध्ये उभ्या असलेल्या राजाची गरज संपली. एवढेच नव्हे, तर तो वसुलीतील अडथळा ठरू लागला. हसन जलाल व अर्गुन यांचे वैर व्यक्तिगत स्वरूपाचे होते असे इतिवृत्तावरून वाटते. त्यात तथ्य असेलही, परंतु त्याच्या मुळाशी हा बदल होता.

हसन जलालने यावर उपाय म्हणून अर्गुनच्या डोक्यावरून थेट वरच्या दरबारात जाण्याचा मार्ग धरला. बातू खानाचा मुलगा सार्ताक ख्रिस्ती होता. हसन जलाल त्याच्याकडे गेला. सार्ताकने त्याला बातूकडे नेले. तुर्क व जॉर्जियन यांनी बळकावलेले काही वडिलोपार्जित किल्ले व प्रदेश त्याला परत मिळाले आणि स्थानिक धर्मपीठाचा प्रमुख नर्सेस याच्यासाठी करमुक्तीचा हुकूमही मिळाला. तरीही वसुलीदारांचा जाच थांबेना, तेव्हा तो मोंगके खानाच्या दरबारी गेला. याच सुमारास, इ.स. १२५३ ते १२५५ या काळात, किलिकियाचा आर्मेनियन राजा पहिला हेतुम याने काराकोरमचा प्रवास केला होता. हेतुमचा प्रवास इतिहासाच्या ग्रंथांतून प्रसिद्ध आहे. खाचेनच्या या लहान संस्थानिकाने तितकीच कष्टाची वाट धरली, याची दखल क्वचितच घेतली जाते. दरम्यान तक्रारींवरून अर्गुनला अटकही झाली, पण तो निर्दोष सुटला. शत्रुत्व अधिक कडवे झाले.

हसन जलालची सारी मदार काही माणसांच्या कृपेवर होती आणि ती माणसे एकामागोमाग एक गेली. बातू १२५५ च्या सुमारास वारला. सार्ताक त्याच्यापाठोपाठ गेला. १२५९ मध्ये मोंगके मरण पावला. आता इराण व कॉकेशसवर हुलागूचा अंमल होता आणि बातूच्या घराण्याशी त्याचे वितुष्ट वाढत होते. १२६२ मध्ये त्याचे उघड युद्धात रूपांतर झाले. सार्ताककडून मिळालेला हुकूम हुलागूच्या राज्यात संरक्षण देण्याऐवजी संशय निर्माण करणारा ठरला असल्यास नवल नाही. त्यातच जॉर्जियाच्या राजाने बंड केले व ते मोडण्याच्या निमित्ताने अर्गुनला मोकळीक मिळाली.

इ.स. १२६१ मध्ये हसन जलालला पकडण्यात आले. मानेत लाकडी खोडा आणि पायांत बेड्या अशा स्थितीत त्याला इराणमधील कझवीन येथे नेले. बापाच्या सुटकेसाठी रुझुकानने हुलागूची ख्रिस्ती राणी दोकुझ खातून हिच्याकडे धाव घेतली. तो प्रयत्न फळाला येण्याचा संभव होता. दोकुझ खातूनने अनेक ख्रिश्चनांना अभय मिळवून दिले होते. परंतु नेमकी हीच बातमी अर्गुनच्या कानी गेली आणि राणीचा शब्द येण्याआधीच त्याने मारेकरी पाठवून रात्रीच्या वेळी हसन जलालचे अवयव तोडून त्याला ठार केले. मुलगा अतबेक याने माणसे पाठवून अवशेष मिळवले. ते एका इराणी माणसाने जपून ठेवले होते. त्यांचे गांदझासार येथे दफन झाले. चर्चसमोरील सभामंडपाचे अपुरे काम पत्नी ममकान आणि अतबेक यांनी पूर्ण केले.

किराकोसने हसन जलालला धर्मवीर ठरवले आहे. त्याचा कल समजण्यासारखा आहे. पण त्याच्याच नोंदी एकत्र वाचल्या तर चित्र निराळे दिसते. या राजावर धर्मांतराची सक्ती झालेली नव्हती, त्याने बंडही केलेले नव्हते. त्याचा वाद करवसुलीचा होता.

पश्चात

हसन जलालनंतरही घराणे संपले नाही. त्याच्या नावावरून ते हसन-जलालियान म्हणून ओळखले जाऊ लागले. राजकीय सत्ता आक्रसत गेली तसे घराण्याचे वजन गांदझासारच्या धर्मपीठाकडे सरकले. त्या पीठाचा प्रमुख, म्हणजे कॅथोलिकोस, या कुळातूनच येऊ लागला. सफवी काळात खाचेनसह आर्त्साखमधील पाच जहागिरी 'मलिक' या उपाधीच्या आर्मेनियन सरदारांकडे होत्या. कॅथोलिकोस एसायी हसन-जलालियान याने अठराव्या शतकाच्या आरंभी रशियाच्या पीटर बादशहाशी पत्रव्यवहार केला आणि आपल्या प्रदेशाचा संक्षिप्त इतिहासही लिहिला. अठराव्या शतकाच्या मध्यास पनाह अली खान याने वरांदाचा मलिक शाहनझर याच्या साहाय्याने शुशी येथे ठाणे वसवले व काराबाखची खानशाही स्थापन केली. मलिकांतील फुटीचा हा परिणाम होता. १८१३ च्या गुलिस्तान तहाने प्रदेश रशियाकडे गेला, त्यानंतर १८१५ मध्ये कॅथोलिकोसपदही संपुष्टात आले.

या कथेला भारताचाही एक धागा आहे. हमदानमध्ये जन्मलेला आणि तरुणपणी कलकत्त्यास आलेला जोसेफ एमीन (१७२६-१८०९) आर्मेनियाच्या मुक्ततेचा ध्यास घेऊन कॉकेशसमध्ये गेला असता त्याने गांदझासारच्या कॅथोलिकोसशी संपर्क साधला होता. त्याचे आत्मचरित्र १७९२ मध्ये लंडनला छापले गेले. मद्रासमधील आर्मेनियन व्यापारी शाहामीर शाहामिर्यान याच्या छापखान्यातून भावी आर्मेनियन राज्यासाठी राज्यघटनेचा आराखडा निघाला. गोशनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, आधी कायदा लिहावा मग राज्य, असा विचार पुन्हा कोणी केला तो चेन्नपट्टणात, ही बाब लक्षणीय आहे.

दगडावरील अक्षरांचा वाद

खाचेनचा इतिहास आज वादाचा विषय आहे आणि हा वाद एका नावाभोवती फिरतो. कुरा नदीच्या उत्तरेस प्राचीन काळी एक राज्य होते. त्याला आर्मेनियन भाषेत 'आगवांक' व युरोपीय परंपरेत कॉकेशियन आल्बेनिया म्हणतात. बाल्कनमधील आल्बेनियाशी त्याचा संबंध नाही. पुढे आर्त्साखही त्याच नावाच्या प्रशासकीय विभागात व धर्मप्रांतात गणला गेला. त्यामुळे खाचेनच्या राजांना 'आगवांकचे राजे' असेही म्हटले जाई आणि गांदझासारचे पीठ 'आगवांकचे धर्मपीठ' म्हणून ओळखले जाई. या आधारावर अझरबैजानी इतिहासकार झिया बुनियादोव यांनी १९६५ मध्ये येथील वारसा आर्मेनियन नसून आल्बेनियन असल्याची भूमिका मांडली. आर्मेनियन अभ्यासकांनी तिचे जोरदार खंडन केले.

आल्बेनियन भाषेला स्वतःची लिपी होती. सिनाई येथील मठात सापडलेल्या, खरवडून पुन्हा लिहिलेल्या चर्मपत्रांमुळे ती वाचता आली व त्या ग्रंथांची संपादित आवृत्ती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे तुलना करण्याचे साधन आज उपलब्ध आहे. गांदझासार आणि दादिवांक येथील तेराव्या शतकातील शिलालेख आर्मेनियन भाषेत व आर्मेनियन लिपीत आहेत, गोशची संहिता आर्मेनियन भाषेत आहे, किराकोसचे इतिवृत्तही. 'आगवांक' हे नाव त्या काळी धर्मप्रांताचे व भूभागाचे उरले होते. लोकांच्या भाषेचे ते नाव नव्हते. आर्त्साखच्या दूरच्या पूर्वजांमध्ये आल्बेनियन जमातींचा अंश असणे अगदी शक्य आहे. परंतु त्यामुळे हसन जलालने कोणत्या भाषेत स्वतःची ओळख कोरवली हे बदलत नाही.

हा वाद ग्रंथालयापुरता राहिला असता तर त्याचा एवढा विस्तार करण्याचे कारण नव्हते. २०२० च्या युद्धानंतर दादिवांकचा परिसर अझरबैजानकडे आला. ७ डिसेंबर २०२१ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने अझरबैजानला आर्मेनियन सांस्कृतिक वारशाची नासधूस रोखण्याचा अंतरिम आदेश दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये अझरबैजानच्या संस्कृती मंत्र्यांनी, आल्बेनियन मानल्या गेलेल्या देवळांवरील आर्मेनियनांनी जोडलेल्या कथित बनावट खुणा काढून टाकण्यासाठी कार्यगट नेमण्याची घोषणा केली. टीका झाल्यावर मंत्रालयाने खुलासा केला. सप्टेंबर २०२३ च्या लष्करी कारवाईनंतर काराबाखमधील एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोक प्रदेश सोडून गेले आणि गांदझासारचे धर्मगुरूही त्यांच्याबरोबर गेले.

या पार्श्वभूमीवर पूर्वीच्या अभ्यासकांच्या कामाला नवे मोल आले आहे. होवसेप ऑर्बेली यांनी १९०९ मध्ये हसन जलालवर अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९१९ मध्ये गांदझासार येथील लेखांचे संकलन छापले. बाग्रात उलुबाब्यान यांचा खाचेनवरील ग्रंथ १९७५ चा आहे. आर्मेनियन शिलालेखांच्या संग्रहाचा आर्त्साखविषयक पाचवा खंड १९८२ मध्ये येरेवान येथे निघाला. त्यात लेखांची जागा आणि पाठ नोंदवलेला आहे. भिंतीवरील एखादी ओळ यापुढे दिसेनाशी झाली, तर ती तेथे होती हे याच खंडाच्या पानांवरून ताडून पाहावे लागेल.